दुबईच्या बाजारात मी गिऱ्हाईक झाले

परदेशी जाऊन आलेलं माणूस बहुधा उंच इमारतींचं वर्णन करतं. ते माझ्याकडून होणार नाही. 2022 च्या डिसेंबरात मी दुबईला मोठ्या मुलाकडे गेले आणि दोन महिने राहून फेब्रुवारीत परत आले. तेवढ्या दिवसांत ती जगप्रसिद्ध उंच इमारत मी एकदाच पाहिली, तीही खालून, मान दुखेपर्यंत. बाजार मात्र रोज पाहिला. तेव्हा बाजाराचंच सांगते. त्यात तुमच्या-आमच्या घरचा विषय आहे.

आमचं गाव रावेर तालुक्यातलं. घरी केळी. निघण्याआधी घरात एक गोष्ट घडली होती. ती आधी सांगितली नाही तर पुढचं नीट कळायचं नाही.

धाकट्याच्या डोक्यात दोन वर्षांपासून निर्यातीचं खूळ होतं. शेजारच्या तांदलवाडीची 22 टन केळी 2021 च्या जूनमध्ये दुबईला गेली, ती बातमी त्यानं कापून ठेवली होती. आपणही घडाला पिशव्या घालू, घड खांद्यावरून नेताना खाली गादी ठेवू, फण्या कापून, धुऊन खोक्यात भरू, असं त्याचं चाललं होतं. आमचे हे म्हणाले, "आपल्या बापजाद्यांपासून घड पाल्यावर रचून ट्रकनं जातोय. खर्च वाढवायची कामं सांगू नकोस." धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची बाजू घेईन असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "डाग सालीला पडतो रे, गराला नाही. साल काय कुणी खातं का?"

तो काही बोलला नाही. त्या रात्री जेवलाही नाही. दोन दिवसांनी माझी पेटी भरताना जवळ येऊन म्हणाला, "माय, दादाकडे चाललीच आहेस तर माझ्यासाठीही काही काम बघ तिकडे. मला इथं करायचं नाही."

बायांनो, हे ऐकून माझ्या पोटात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. दोन मुलं, त्यातला एक आधीच समुद्रापलीकडे. हा गेला तर शेत कुणाचं? पण तोंडानं म्हटलं, "बघते."

पेटीत मी काय काय भरलं होतं! बिबडे, कळण्याचं पीठ, घरचं तिखट आणि सूनबाईसाठी डिंकाचे लाडू. निघायच्या आदल्या दिवशी मोठ्याचा फोन आला. "माय, लाडवात खसखस घातलीस का?" म्हटलं, खसखशीशिवाय डिंकाचा लाडू कसा होईल? म्हणाला, "ते लाडू घरीच ठेव. इकडे खसखस आणायला बंदी आहे. अफूच्या बोंडातली म्हणून विमानतळावर पकडतात, जेलसुद्धा होते." रात्री बसून खसखशीवाचून नवे लाडू वळले. तुमच्यापैकी कुणी मुलाबाळांकडे तिकडे जाणार असाल तर ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. औषधाच्या गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी आणि कोणती गोळी तिथं चालते ते आधी विचारून घ्यावं.

मोठा आयटीआयला थंड यंत्रांचं काम शिकला आहे आणि तिथं एका शीतगृहात नोकरी करतो. राहायला करामा नावाच्या वस्तीत. तिथं आपलेच लोक पुष्कळ. खाली उतरलं की इडली-डोशाचं दुकान, शेजारी शिंपी, पलीकडे किराणा. मला वाटलं होतं, मुलाचं घर म्हणजे मोठा बंगला असेल. दोन खोल्यांच्या घरात दोन कुटुंबं. एक खोली आमची, एक केरळच्या जोडप्याची, स्वयंपाकघर दोघांत. पगाराचा मोठा वाटा भाड्यातच जातो. मुलानं हे गावी कधी सांगितलं नव्हतं आणि आपणही विचारत नाही. आपण विचारतो, "पगार किती?" खर्च किती, हे विचारायचं राहून जातं.

पहिल्याच आठवड्यात मी एक प्रताप केला. बाजारातून काळंभोर मोठं वांगं आणलं आणि भरीत करायचं म्हणून गॅसवर भाजायला ठेवलं. आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर अंगणात भाजतो, धूर आभाळात जातो. तिथं धूर जाणार कुठे? छताला बसवलेलं धुराचं यंत्र असं कर्कश ओरडायला लागलं की केरळची बाई तान्हं मूल घेऊन बाहेर पळाली. खालून पहारेकरी धावत आला. सूनबाईनं खिडक्या उघडल्या, माफी मागितली. भरीत मात्र सगळ्यांनी खाल्लं, पहारेकऱ्यानंही. पण आपल्या भरताच्या वांग्याची चव त्याला नव्हती. जळगावच्या त्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही.

आता बाजार. दुकान म्हणजे आपल्या मार्केट यार्डाएवढं, आत गारवा, फरशी आरशासारखी. कुणी ओरडत नाही, कुणी बोलावत नाही. भाजी आपणच निवडायची, पिशवीत भरायची आणि तिथल्याच काट्यावर नेऊन वजन करून चिठ्ठी चिकटवून घ्यायची. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी दोडकी तशीच पैसे भरायच्या रांगेत घेऊन गेले. मुलीनं हसून परत पाठवलं. मागं रांग उभी, मी दोडकी पोटाशी धरून उलट्या पावली! पिशवीचेही पैसे. 2022 च्या जुलैपासून दुबईत एकदा वापरायच्या पिशवीला 25 फिल्स आकार होता. पुढं 2024 च्या जूनपासून अशा पिशव्या बंदच झाल्या. मी घरून धान्याच्या गोणीची शिवलेली पिशवी नेली होती. तिचा तिथं भलताच मान झाला.

100 फिल्सचा एक दिरहम. त्या दिवसांत एका दिरहमचे आपले 22 रुपये आणि वर थोडे होत. मी प्रत्येक वस्तूपुढं उभी राहून 22 नं गुणायची. कोथिंबीर गुणली, परत ठेवली. शेवगा गुणला, परत ठेवला. सूनबाई चार दिवस गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, गुणाकार करत बसलात तर उपाशी राहाल. इथं पगारही दिरहमातच येतो." बोलणं खरं होतं. तरी मनातला पाढा थांबायला पंधरा दिवस लागले.

तिथं एक रीत मला फार आवडली. प्रत्येक भाजीपुढं, फळापुढं ती कोणत्या देशातून आली त्याची पाटी. वाळवंटाचा मुलूख, खाण्याचं बहुतेक सारं बाहेरून येतं. मी सूनबाईला एकेक पाटी वाचायला लावायची. कांद्यापुढं "भारत" ऐकलं की छाती फुगायची.

अशीच एकदा कांद्याच्या ढिगापाशी उभी होते, तो मागून आवाज आला, "आठे ये रे भाऊ!" कान टवकारले. अहिराणी, आणि ती दुबईत! एक तरुण बाई आपल्या पोराला हाक मारत होती. धुळे जिल्ह्यातली, साक्रीकडची निघाली. माहेरी कांदाच. आम्ही दोघी त्या ढिगाला हात लावून अशा बोलत बसलो, जसा तो आमच्याच चाळीतला. मला "मावशी" म्हणायला लागली. तिच्यासोबत पुढं मी पुष्कळ हिंडले. खाडीवर तेव्हा एक दिरहममध्ये लाकडी होडी मिळायची. त्या होडीला अब्रा म्हणतात. बर दुबईच्या बाजूनं बसलं की चार-पाच मिनिटांत पलीकडे देऱ्याला. तिकडे मसाल्याचा बाजार आणि सोन्याचा बाजार.

आपण जळगावची माणसं, सोन्याबाबत आपल्याला कुणी शिकवायला नको! तरी सांगते. तिथं दुकानादुकानात ग्रॅमचा भाव फळ्यावर लावलेला, 24 कॅरेटचा वेगळा, 22 चा वेगळा, आणि तो सगळीकडे सारखाच. घासाघीस करायची ती घडणावळीवर. पण स्वस्त म्हणून पदर भरून आणू असं मनात आणू नका. आपल्या 2016 च्या जकात नियमांनी बाईला 40 ग्रॅम आणि पुरुषाला 20 ग्रॅम दागिन्यांची जी सवलत दिली, ती एक वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्यांनाच होती. दोन महिन्यांच्या पाहुणीला ती नव्हती. मी चमचाभर केशर घेतलं आणि परत फिरले.

आता मुख्य गोष्टीवर येते.

महिना झाला असेल. शनिवार होता. 2022 पासून तिथं शनिवार-रविवार सुट्टी असते. मोठा घरी होता म्हणून शिकरण करू म्हटलं. सूनबाई डाळीच्या बाजूला गेली, मी एकटीच केळ्यांपाशी. चष्मा घरी राहिलेला, पाट्या दिसत नव्हत्या. चार ढीग होते. आपल्याला केळ्यांतलं कळतं हा तोरा होताच. पहिल्या ढिगातली एक फणी उचलली, सालीवर काळे ओरखडे होते, ठेवून दिली. दुसरी उचलली, एका केळ्याच्या कडेला दाबल्याचा डाग, ठेवली. तिसरीही ठेवली. मग पलीकडच्या ढिगातली घेतली. पिवळीधमक, सगळी बोटं सारखी, एक ठिपका नाही. ती वजनाला दिली.

सूनबाई आली, चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "आई, तुम्ही फिलिपाइन्सची घेतलीत? किलोला दीड दिरहम जास्त आहे. भारताची ती बघा, तिकडे."

तिनं दाखवलं तो पहिला ढीग. मी तीनदा उचलून तीनदा ठेवलेला.

वाचकहो, खरं सांगते, भर दुकानात मला रडू आलं. जन्म केळीच्या बागेत गेला, आणि पदरमोड करून मी परक्या देशाची फणी घेतली! ती केळी आपल्या जळगावची होती, की सोलापूरची, की आंध्रची, देव जाणे. पाटीवर फक्त देशाचं नाव होतं. पण माझ्या हाताला ते नाव दिसलंच नाही. हातानं डाग बघितला आणि पुढं गेला. "साल काय कुणी खातं का?" हे माझेच शब्द माझ्या कानात वाजायला लागले.

मी परत गेले आणि त्या ढिगातलीही एक फणी घेतली. घरी दोन्हींतलं एकेक केळ सोलून ताटात ठेवलं. डाग सालीलाच होता, आत गर चांगला. चवीला तर आपलंच केळ जास्त गोड. म्हणजे मी धाकट्याला बोलले ते काही खोटं नव्हतं. पण गिऱ्हाईक केळ सोलून पाहून विकत घेत नाही. ते साल पाहूनच घेतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला समुद्र ओलांडावा लागला.

संध्याकाळी मोठ्यापाशी तणतणले. "तिकडे आपल्या हातात किलोला 20 रुपये पडले तरी आपण बरा भाव म्हणतो. इथं साडेचार दिरहम, म्हणजे 100 रुपये. मधले 80 कोण खातं?" त्यानं मला शांतपणे बोटावर मोजून दाखवलं. खोकं, फण्या धुण्याची-भरण्याची मजुरी, बंदरापर्यंतची गाडी, थंड कंटेनर, जहाज, इथलं शीतगृह, पिकवण्याची खोली, दुकानाचं भाडं, नोकरांचा पगार, 5 टक्के कर, आणि न खपता फेकला जाणारा माल. "कुणी ना कुणी नफाही खातो माय, नाही असं नाही. पण सगळे 80 काही चोरीचे नाहीत."

मग त्यानं आपल्या कामातलं सांगितलं. हिरवं केळ 13-14 अंशांवर ठेवतात. त्याहून फार थंडी लागली तर साल काळवंडते आणि मग ते पिवळं होतच नाही. विकायच्या आधी बंद खोलीत वायू सोडून सगळी एकसारखी पिकवतात. "आणि माय, एक गोष्ट तुम्हाला शेतात कधी दिसत नाही. घड जमिनीवर टेकला, एकमेकांवर घासला, तर हिरव्या सालीवर तेव्हा फारसं उमटत नाही. चीक सांडलेलाही लक्षात येत नाही. फणी पिवळी झाली की सगळं काळं होऊन वर येतं. तोवर ती तुमच्या हातून गेलेली असते. धाकटा म्हणतो ते तेवढ्यासाठीच."

म्हणजे बघा, डाग आपल्या बांधावर पडतो आणि दिसतो परक्याच्या दुकानात. आपण बघायला तिथं नसतो. भाव कमी मिळाला की व्यापाऱ्याला शिव्या देऊन मोकळे होतो. व्यापारी साधू असतो असं मी म्हणत नाही. काट्यात, कटतीत आपल्याला नाडणारे आहेतच, आणि रावेरचा, बऱ्हाणपूरचा जाहीर झालेला भाव पुष्कळदा हातात पडत नाही. त्याबद्दल भांडायलाच हवं. पण माझ्या हातानं जे तीन फण्या खाली ठेवून केलं, त्यात व्यापारी कुठे होता?

धाकट्याच्या कामाचंही मी विचारलं. मोठा म्हणाला, "आणतो म्हटलं तर आणीन. कामं आहेत. पण त्याला ही खोली दाखव, भाडं सांग. मी हुंदका गिळून राहतो तेही सांग. मग यायचं तर खुशाल येऊ दे."

रात्री घरी फोन लावला. फोन ह्यांनी घेतला. मी म्हटलं, "अहो, मी आज तिघांदा आपली केळी टाकली आणि दुसऱ्याची घेतली." त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "धाकट्याला देतो." मी धाकट्याला एवढंच म्हटलं, "माझं चुकलं रे भाऊ." आईनं मुलाला असं म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पण म्हटल्यावर मला हलकं वाटलं.

पुढं काय झालं ते वाढवून सांगत नाही. परत आल्यावर सगळ्या बागेत नव्हे, पाचशे झाडांवर धाकट्याच्या म्हणण्याप्रमाणे केलं. घडाला पिशव्या घातल्या, कापणीला गादी वापरली, फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन चीक काढला. पहिल्या वर्षी निम्माच माल खोक्यात बसला. बाकीचा नेहमीसारखा ट्रकनं गेला. पिशव्या आणि मजुरी वजा जाता जास्तीचे पैसे थोडेच उरले. निर्यातीचा व्यापारी दर वेळी येतोच असंही नाही, आणि वादळ आलं तर पिशवीतला घडही झोपतोच. पण आता कापणीच्या दिवशी मजुरांवर "घड खाली टेकवू नका रे!" म्हणून सगळ्यांत आधी ओरडतात ते आमचे हेच. आणि धाकट्यानं दुबईचं नाव पुन्हा काढलेलं नाही. उद्या काढलं तर अडवणार नाही. पण रुसून जायचं कारण तरी मी त्याला ठेवलेलं नाही.

जाता जाता त्या साक्रीच्या मुलीचं सांगते. 8 डिसेंबर 2023 ला आपल्या सरकारनं कांद्याची निर्यात थांबवली, ती 4 मे 2024 पर्यंत. मधल्या काळात सरकारी वाटेनं काही कांदा गेला तेवढाच. तेव्हा तिचा फोन आला. "मावशी, आपण हात ठेवून बोललो होतो ना, त्या जागेवर आता पाकिस्तानचा नि इजिप्तचा कांदा आहे." तिच्या आवाजात माहेरचं काही हरवल्यासारखं दुःख होतं. फळी रिकामी राहत नाही हो. आपण नसलो तर दुसरा येतो. कधी ते सरकारच्या हुकमानं होतं, तिथं आपलं चालत नाही. कधी आपल्याच हलगर्जीनं होतं, तिथं चालतं.

तेव्हा भगिनींनो, दुबईला जायची गरज नाही. एक दिवस जळगावच्या, धुळ्याच्या बाजारात पिशवी घेऊन जा आणि आपण जे पिकवतो तेच विकत घ्या. केळी असोत, वांगी असोत, मिरची असो. मालक म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून. आपला हात काय उचलतो आणि काय खाली ठेवतो, तेवढं फक्त बघा. आणि घरात कुणी धाकटा काही नवं सांगत असेल, तर त्याला उत्तर द्यायच्या आधी तो बाजार करून या.